पावसाळ्यातील लंगोट

आषाढ-श्रावणात लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर, जेथे वर्षाकाठी सामान्यतः ४,००० मिलिमीटरांच्या आसपास पर्जन्य कोसळतो, तेथे ज्या घरी नवजात अर्भक असते त्या घरची खरी विवंचना लंगोट बदलण्याची नसून ते वाळविण्याची असते. पहिल्या आठवड्याअखेरीस मूल दिवसाकाठी सहा किंवा अधिक वेळा लंगोट ओले करते. तेव्हा मावळातील आजीबाईंनी जुन्या, धुऊन मऊ झालेल्या लुगड्यांतून फाडलेल्या तुकड्यांचा कितीही मुबलक साठा केला, तरी संततधारेपुढे तो अपुराच. मग दोरी माजघरात येते आणि खाली शेगडी पेटते. बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साचतो, म्हणून हा रिवाज, कितीही जुना असला तरी, मला मुळीच मान्य नाही. पंखा लावावा, इस्त्री फिरवावी. दमट लंगोटाने कातडी लाल होते, बुरशीही धरते.

पहिल्या एक-दोन दिवसांतील काळसर, चिकट शीला भिऊ नये. कोमट पाण्याने, मुलीस तर पुढून मागे, पुसून अंग कोरडे करावे. बाजारातील डायपरही शी होताच बदलावा. वापरलेला डायपर ओढ्यात वा दरीत न फेकता, नीट गुंडाळूनच कचऱ्यात द्यावा, हा दंडक २०१६ च्या घनकचरा नियमांनी घातला.