डायरेक्ट केलेला ओव्हन

डिसेंबर आला की कपाटावर ठेवलेले ओटीजी ओव्हन खाली उतरतात. नाताळचा केक, नानखटाई, एखाद्या रविवारी पिझ्झा. अशाच एका संध्याकाळी ओव्हन तापायला लावलेला असतो आणि थोड्या वेळाने पाहावं तर लाल दिवा विझलेला, आतली धग उतरलेली. प्लग काढून पुन्हा लावला, दुसऱ्या सॉकेटमध्ये खुपसून पाहिला, बटणं फिरवली, तरी ढिम्म. घरात निदान होतं, ‘कॉइल गेली.’

बहुतेक वेळा कॉइल गेलेली नसते. ओटीजीत वरचे आणि खालचे रॉड वेगळे चालवता येतात. एका बाजूचे गेले तरी बहुतेक ओव्हनमध्ये दुसऱ्या बाजूचे तापतात. दिवा विझून दोन्ही बाजू एकदमच थंड पडल्या असतील, तर आधी सॉकेट, प्लग आणि वायर तपासावी. तिथे सगळं ठीक असेल, तर मोठा संशय थर्मल फ्यूजवर जातो.

हा फ्यूज म्हणजे जेमतेम सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर लांबीची धातूची बारीक नळी, दोन्ही टोकांना एकेक तार. तिच्या आत विशिष्ट तापमानाला वितळणाऱ्या सेंद्रिय रसायनाची घट्ट गोळी असते आणि त्या गोळीने एक स्प्रिंग दाबून धरलेली असते. ठरलेलं तापमान गाठलं की गोळी वितळते, स्प्रिंग मोकळी होते, आतला संपर्क तुटतो आणि वीज थांबते. दुसऱ्या प्रकारात गोळीऐवजी कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू असतो. दोन्ही एकदाच कामाला येतात. मिक्सरच्या तळाशी असलेलं लाल बटण दाबून मिक्सर पुन्हा सुरू करता येतो, तशी सोय इथे मुद्दामच ठेवलेली नाही.

इथे एक शंका येते. घरात एमसीबी आहेच, मग हा वेगळा फ्यूज कशाला? एमसीबीला तापमान कळत नाही, तिला कळतो फक्त विजेचा प्रवाह. १५०० वॅटचा ओव्हन २३० व्होल्टवर साधारण साडेसहा अँपिअर घेतो. समजा, आतला थर्मोस्टॅट चिकटला. त्याचे संपर्कबिंदू वर्षानुवर्षांच्या ठिणग्यांनी एकमेकांना जखडले आणि १८० अंशांवर थांबायला हवा तो ओव्हन तापतच राहिला. तरीही प्रवाह तेवढाच, साडेसहा अँपिअर. १६ अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने सगळं आलबेल आहे. आतला पत्रा लाल व्हायची वेळ आली, वायरींचं आवरण जळू लागलं, तरी शॉर्ट सर्किट होईपर्यंत ती पडणार नाही. त्या मधल्या वेळात घर वाचवणारी एकच वस्तू ओव्हनमध्ये असते, ती म्हणजे ही नळी.

घरगुती विजेच्या उपकरणांच्या सुरक्षिततेसाठी आपल्याकडे आयएस ३०२ हे मानक आहे. त्यात उपकरण नेहमीसारखं चालवून तर पाहतातच, शिवाय तापमान आवरणारा भाग निकामी झाला तर काय होईल याचीही परीक्षा घेतात. थर्मल फ्यूजसाठी स्वतंत्र आंतरराष्ट्रीय मानकही आहे, आयईसी ६०६९१. राइस कुकर, इस्त्री, हेअर ड्रायर, कॉफी मशीन यांतही हाच पहारेकरी बसवलेला असतो.

म्हणूनच दुरुस्तीच्या दुकानांत सर्रास ऐकू येणारं एक वाक्य अंगावर काटा आणतं: ‘फ्यूज उडाला होता, डायरेक्ट करून दिलाय.’ म्हणजे नळी कापून टाकली आणि दोन वायरी एकमेकींना जोडल्या. ओव्हन सुरू होतो, केक फुगतो, गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं. पण फ्यूज ज्या कारणाने उडाला ते कारण आत तसंच राहतं आणि त्याला अडवणारं आता कोणी नसतं. हे काम दुरुस्ती या नावाला पात्र नाही.

कारणं नेहमीची आहेत. थर्मोस्टॅट चिकटणं हे सर्वांत गंभीर. त्याखालोखाल ओव्हन भिंतीला टेकवून ठेवणं, वर टॉवेल किंवा डबे रचणं, हवेची भोकं झाकणं. काही जण सांडलवंड नको म्हणून तळाला अॅल्युमिनियम फॉइल अंथरतात. त्याने उष्णता परावर्तित होते आणि कोंडते. कन्व्हेक्शनचा पंखा बंद पडला तरी आतली उष्णता एका जागी साचते. कधी फ्यूजशेजारचा जोडच सैल असतो आणि तो स्वतः तापून फ्यूज उडवतो. आणि वर्षानुवर्षं मर्यादेच्या जवळ तापत राहिलेली गोळी म्हातारी होऊन विनाकारणही दगा देते. तेव्हा नवा फ्यूज बसवण्याआधी यांपैकी काय घडलं ते शोधलंच पाहिजे.

ओव्हन वॉरंटीत असेल तर तो न उघडता कंपनीच्या सेवा केंद्रात न्यावा. मायक्रोवेव्ह तर घरी कधीही उघडू नये. त्यातला कपॅसिटर सुमारे दोन हजार व्होल्टचा असतो आणि प्लग काढल्यावरही त्यात जीवघेणा भार शिल्लक राहू शकतो. पुढचं सगळं साध्या ओटीजीबद्दल आहे, आणि तेही मल्टीमीटर हाताळता येणाऱ्यांसाठी.

प्लग काढून ओव्हन पूर्ण थंड होऊ द्यावा. बाजूचा पत्रा उघडल्यावर वायरींचा फोटो काढून ठेवावा. बटणांच्या मागच्या कप्प्यात, काचतंतूंच्या पांढऱ्या किंवा पिवळट स्लीव्हमध्ये गुंडाळलेला फ्यूज सापडतो. मीटर कंटिन्युइटीवर ठेवून दोन्ही टोकांना लावावा. चांगला फ्यूज बीप देतो, उडालेला गप्प राहतो.

नवा फ्यूज घेताना नळीवरची अक्षरं भिंगाखाली वाचावी लागतात. अँपिअर आणि व्होल्ट जुन्यापेक्षा कमी नकोत. ‘टीएफ’ या अक्षरांपुढचा आकडा म्हणजे तो कितीला उडतो ते तापमान, आणि ते तंतोतंत तेच हवं. ‘जरा जास्तीचा टाकू, पुन्हा उडायला नको’ हा विचार डायरेक्ट करण्याचाच धाकटा भाऊ आहे. २५० अंशांवर भाजणाऱ्या ओव्हनमध्ये त्याहून कमी आकड्याचा फ्यूज दिसला तरी गोंधळू नये. तो बसवलेला असतो त्या कप्प्याचं तापमान मोजतो, केकच्या जागेचं नाही. त्यामुळे नवाही नेमका त्याच जागी बसायला हवा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्ली-बुधवार पेठेत असे सुटे भाग मिळतात. छाप नसलेला तुकडा मात्र घेऊ नये.

जोडताना डाग द्यायचा मोह टाळावा. सोल्डरिंगच्या बिटाची उष्णता तारेतून आत शिरते आणि नवा कोरा फ्यूज हातातच उडतो. शिवाय नेहमीचा शिसं-कथलाचा डाग १९० अंशांच्या आसपास वितळतो. इथे धातूचा क्रिंप कनेक्टर पक्कडीने घट्ट दाबून बसवावा. प्लास्टिकची टेप चालत नाही, ती वितळते. अनेक फ्यूजच्या धातूच्या नळीतूनच वीज वाहत असते, म्हणून काचतंतूंची स्लीव्ह पूर्ण सरकवून घ्यावी. पत्रा बंद केल्यावर प्लगच्या अर्थ पिनपासून ओव्हनच्या पत्र्यापर्यंत बीप यायला हवा, आणि बाकीच्या दोन पिनांपासून पत्र्यापर्यंत मुळीच यायला नको. मग ओव्हन थर्मामीटर आत ठेवून १८० अंशांवर चालवावा. त्या आकड्याजवळ दिवा विझला, थोड्या वेळाने पुन्हा लागला, तर थर्मोस्टॅट शाबूत आहे. काटा चढतच राहिला, तर प्लग काढून आधी थर्मोस्टॅट बदलावा.

ज्यांना यातलं काही करायचं नाही त्यांनी दुरुस्तीवाल्या दादांकडे एवढाच आग्रह धरावा: जुना फ्यूज हातात मागा, नव्यावरचा आकडा त्याच्याशी ताडून पाहा आणि उडाला कशाने ते विचारा. ‘डायरेक्ट केलाय’ असं उत्तर आलं, तर फ्यूज बसवून घेतल्याशिवाय ओव्हन घरी आणू नका.