पाणी मुरले, हिशेब उरला

मुंबई-आग्रा महामार्गाने धुळ्याहून शिरपूरकडे जाताना तापीच्या अलीकडे नरडाणा लागते. सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे स्टेशन आणि औद्योगिक वसाहत ही त्याची ओळख. भूजलाच्या नकाशावर मात्र ते दोन प्रकारच्या जमिनींच्या वेशीजवळ आहे. दक्षिणेला शिंदखेडा-साक्रीचा काळा पाषाण आणि त्यात उभ्या घुसलेल्या कातळभिंती. भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. अशी भिंत आडवी आली की भूजलाची वाट अडते. एका विहिरीला पाणी असते आणि थोड्या अंतरावरची बोअर कोरडी जाते. तापीपलीकडे शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याखाली गाळाचा जाड थर आहे. दोन्हीकडे पाऊस बेताचाच.

त्या पलीकडच्या काठावर 2004 पासून जे घडले, ते 'शिरपूर पॅटर्न' म्हणून गाजले. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेत नोकरी केलेले भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांचे तंत्र, आमदार अमरीशभाई पटेल यांचे पाठबळ आणि प्रियदर्शिनी सहकारी सूतगिरणीची साथ असा हा मेळ होता. गाळाच्या भागात पिवळ्या मातीचा थर पाणी खाली जाऊ देत नाही. म्हणून नाले रुंद आणि खोल करून तो थर काढला, ठिकठिकाणी सिमेंटचे बंधारे बांधले, धरणाचे जादा पाणी कोरड्या विहिरींत सोडले. विहिरींची पातळी वर आली आणि राज्यभरातून लोक पाहायला आले.

नक्कल मात्र नुसत्या खोदाईची झाली. 2014 मध्ये जलयुक्त शिवार अभियान सुरू झाल्यावर गावोगावी पोकलेन नाल्यांत उतरले. खालचा खडक न पाहता केलेल्या खोलीकरणावर प्रदीप पुरंदरे यांच्यासारख्या जलतज्ज्ञांनी टीका केली, अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा उच्च न्यायालयात गेले. आक्षेप साधा आहे. नाला जलधारक खडकातच खणला, तर मुरलेले पाणी उघड्यावर येते आणि उन्हाने उडून जाते. शिवाय वरच्या गावाने अडवलेले पाणी खालच्या गावाच्या वाट्यातून जाते.

माझ्या मते खरी अडचण याहून पुढची आहे. पाणी मुरवायला यंत्र मिळते, निधी मिळतो, उद्घाटनाला पाहुणेही मिळतात. पण वर आलेले पाणी कुणी किती उपसायचे, हे ठरवायला गावात कुणी नसते. विहीर भरली की ऊस आणि केळी येतात, बोअर आणखी खाली जाते.

हे ठरवणारी व्यवस्था खानदेशाला नवी नाही. पांझरा नदीवर शेकडो वर्षे फड पद्धती चालली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडलेले असत. एका फडात एकच पीक, आणि ते शेतकरी मिळून ठरवत. पाटकरी पाणी देई, जागल्या पिकाची राखण करी. पाणी कमी असेल त्या वर्षी भिजणारे क्षेत्रच आखडते घेत.

ते पाणी डोळ्यांना दिसणारे होते. जमिनीखालच्या पाण्यासाठी 2009 चा महाराष्ट्र भूजल अधिनियम आहे. पाणलोट क्षेत्र समिती, भूजल वापर आराखडा, पीकनियोजन, खोल विहिरींवर बंधन हे सगळे त्यात आहे. आकडेही आहेत: भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. हिवरेबाजारच्या ग्रामसभेने तर पावसानंतर पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवण्याची रीतच पाडली.

पिण्याच्या पाण्याबाबत अशी शिस्त राज्याने काही अंशी आणली आहे. गावाचा जलसुरक्षक पाण्याचे नमुने घेतो, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो. स्रोताभोवतीच्या अस्वच्छतेनुसार ग्रामपंचायतीला लाल, पिवळे वा हिरवे कार्ड मिळते. पण नळाच्या पाण्याचा स्रोतही बहुधा त्याच खडकात असतो. शेतातल्या खतातून झिरपलेले नायट्रेट टीसीएलने जात नाही. त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. पातळी घटली की योजनेची विहीरही आटते.

म्हणून शिवार आणि नळ यांची वही एकच हवी. ऑक्टोबरात पातळीचे आकडे ग्रामसभेत वाचून दाखवावेत, पिण्याचा वाटा आधी बाजूला काढावा आणि उरलेल्या पाण्यावर रब्बी ठरवावी. त्याला पोकलेन लागत नाही. शेजाऱ्याला 'या वर्षी ऊस नको' असे सांगण्याची तयारी लागते. फडाच्या काळी ती होती.