पदच्युतीचे प्रकरण : दहा आण्यांचा अविश्वास

महाभियोगांवरील या लेखमालेत अमेरिकेचे न्यायमूर्ती सॅम्युएल चेस यांना आज सिनेटपुढे उभे करावयाचे, असा वायदा मी गेल्या आठवड्यात केला होता. तो एक आठवडा तहकूब ठेवावा लागत आहे, आणि त्याचा दोष पनवेलच्याच एका वाचकाकडे जातो. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ वडाळे तळ्याकाठी फिरता फिरता मला गाठून म्हणाले, “तुम्ही पेनसिल्व्हेनियाच्या न्यायाधीशांची मते मोजत बसला आहात, ते ठीक, पण आपल्या गावच्या आयुक्तांवर अविश्वास आला तेव्हा पाच-अष्टमांशाचा हिशेब निघाला होता. अठ्ठ्याहत्तरांचे पाच-अष्टमांश म्हणजे पावणेएकोणपन्नास. तो पाऊण नगरसेवक कोणता, ते आधी सांगा.”

पाऊण नगरसेवकाला पूर्ण धरावे लागते, म्हणजे 49, एवढे उत्तर मी जागच्या जागी दिले. परंतु घरी आल्यावर ध्यानात आले की, या अपूर्णांकात आपल्या लेखमालेचा निम्मा विषय दडलेला आहे. पनवेलची नगरपालिका 1852 सालची, महानगरपालिका मात्र 1 ऑक्टोबर 2016 ची. पहिली निवडणूक मे 2017 मध्ये झाली, 78 जागांपैकी 51 भारतीय जनता पक्षाकडे गेल्या, आणि वर्ष पुरे होण्याच्या आतच, मार्च 2018 मध्ये, आयुक्त डॉ. सुधाकर शिंदे यांच्यावरील अविश्वासाचा ठराव सभागृहात मंजूर झाला. पुढे थोड्याच दिवसांत त्यांची बदली झाली. त्या वादात कोणाची बाजू खरी होती, हा माझा विषय नव्हे. माझे लक्ष आहे ते अशा ठरावाला लागणाऱ्या पाच-अष्टमांशाच्या मापाकडे.

जुन्या हिशेबाने पाहिले तर पाच-अष्टमांश म्हणजे रुपयातले बरोबर दहा आणे. साधे बहुमत आठ आण्यांच्या किंचित वर. अमेरिकनांचे दोन-तृतीयांश दहा आणे आठ पै. मुंबई महानगरपालिकेच्या 1888 च्या कायद्यातही आयुक्तासाठी हेच दहा आण्यांचे माप आढळते. आठ पैंचा फरक तो किती, असे वाटेल. म्हणून पेनसिल्व्हेनियाच्या ज्या तीन न्यायाधीशांची हकीकत मागच्या हप्त्यात आली, त्यांच्यावर हे माप लावून पाहिले. जानेवारी 1805 मध्ये महाभियोगाच्या खटल्यात त्यांच्याविरुद्ध 13 आणि बाजूने 11 मते पडली. 24 जणांच्या सभागृहात त्यांना काढण्यास 16 मते हवी होती, आपल्या मापाने 15 पुरली असती. शिपेन, येट्स आणि स्मिथ हे तिघेही पनवेलच्या नियमाखालीसुद्धा खुर्चीवर कायम राहिले असते! उलट त्याआधी दोन वर्षे 20 विरुद्ध 4 मतांनी गेलेला तिथलाच न्यायाधीश अॅडिसन कोणत्याही मापाने जाणारच होता.

खरा भेद मापात नाही, कारणात आहे. पेनसिल्व्हेनियात न्यायाधीशाला महाभियोगाने काढावयाचे तर त्याच्यावर दोषारोप ठेवावा लागे, साक्षी-पुरावे घ्यावे लागत. आणि जेफर्सनच्या पक्षाची मंडळी मनातून म्हणत होती ते इतकेच की, या माणसावर आमचा भरवसा उरलेला नाही. भरवसा उडाला असताना अपराध सिद्ध करण्याचा घाट घालावा लागल्यामुळे ते सारे खटले काहीसे ढोंगी वाटतात. आपल्या महानगरपालिकांच्या अधिनियमात आयुक्तावर आरोप ठेवण्याचीच अट नाही. दहा आणे सदस्य ‘नको’ म्हणाले की पुरे. हे मला अधिक प्रामाणिक वाटते, जरी त्यात एक चमत्कारिक गोष्ट आहेच : नेमणूक हुजुरांची आणि नापसंती मजलशीची. शिवाय न्यायाधीश गेला की घरी जाई. आपला आयुक्त नोकरीतच राहतो, जाते ती फक्त पनवेलची खुर्ची.

आता कायद्याचे शब्द पाहा. राज्य शासन आयुक्तास केव्हाही परत बोलावू ‘शकेल’. परंतु पाच-अष्टमांशांनी ठराव केल्यास तत्काळ बोलावलेच ‘पाहिजे’. या दोन क्रियापदांवरून पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर टॉमस मॅकीन यांची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. त्या तिघांचे सहन्यायाधीश ब्रॅकनरिज हे जेफर्सनच्या पक्षाचे; त्यांना खटल्यातून वगळले होते. या गृहस्थांनी ‘मलाही त्यांच्याबरोबर घ्या’ असा अर्ज केला. प्रतिनिधिसभेने रागावून दुसरा मार्ग धरला, तो असा की, दोन्ही सभागृहांच्या दोन-तृतीयांशांनी विनंती केल्यास गव्हर्नर न्यायाधीशास काढू शकेल, या कलमाखाली तशी विनंती धाडली. मॅकीन यांनी ती नाकारली, आणि ‘शकेल’ या शब्दाचा अर्थ कधी कधी ‘करणार नाही’ असाही होतो, असे उत्तर दिल्याचे सांगतात.

आपल्याकडे ‘पाहिजे’ असल्यामुळे ही पळवाट बंद झाली असावी, असे वाटणे साहजिक आहे. परंतु 2016 च्या ऑक्टोबरात खाडीपलीकडे नवी मुंबईत आयुक्त तुकाराम मुंढे यांच्याविरुद्ध 104 विरुद्ध 6 अशा मतांनी, म्हणजे रुपयातले जवळजवळ पंधरा आणे, ठराव झाला. मुख्यमंत्र्यांनी त्याला स्थगिती दिली आणि मुंढे 2017 च्या मार्चपर्यंत तेथेच होते. महापालिकेचा ठराव निलंबित वा विखंडित करण्याचा अधिकार त्याच अधिनियमाच्या दुसऱ्या एका कलमाने शासनाकडे ठेवला आहे; तेव्हा एका कलमाने शासनाचे हात बांधावेत आणि दुसऱ्याने ते सोडावेत, असा हा प्रकार. मॅकीनसाहेबांना निदान विनोद तरी करावा लागला.

हे सारे मी दुसऱ्या दिवशी तळ्याकाठी कारकूनसाहेबांना ऐकवले. त्यांना त्यात नवल वाटले नाही. म्हणाले, “पस्तीस वर्षे शेरे वाचले. ‘करावे’ असा शेरा असेल तर कागद चौकशीला जातो, आणि ‘करण्यास हरकत नसावी’ असा असेल तर संध्याकाळपर्यंत काम होते.” मग ते चेसविषयी विचारू लागले. पुढल्या आठवड्यात, म्हटले. मधे कोणी दुसरा प्रश्न विचारला नाही तर.