कुलूप नसलेले कपाट

बँकेच्या शाखेत दोन प्रकारच्या वस्तू असतात. पहिल्या रोज लागणाऱ्या : शिक्के, पावतीपुस्तके, टाचण्या. दुसऱ्या, कधीच लागू नयेत अशी प्रार्थना करून ठेवलेल्या : आग विझवायची नळकांडी, धोक्याची घंटा, तिजोरीच्या किल्ल्यांचा दुसरा जोड. नव्या अधिकाऱ्याला पहिल्या वस्तूंची ओळख आपोआप होते. दुसऱ्यांची करून द्यावी लागते. कारण जी वस्तू वर्षानुवर्षे जागची हलत नाही, ती हळूहळू भिंतीचाच भाग होऊन जाते. आयुष्याची बरीच वर्षे या दुसऱ्या प्रकारच्या वस्तूंच्या नोंदवह्यांवर सह्या करण्यात गेल्यामुळे, अलीकडे अशाच एका वस्तूविषयी वाचताना मी जरा जास्तच रमलो.

मुलाच्या किंवा नातीच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेला जाऊन आलेल्या आईवडिलांनी आणि आजीआजोबांनी ती नक्की पाहिली असेल. विद्यापीठाच्या व्यायामशाळेच्या दाराशी किंवा ग्रंथालयाच्या जिन्याजवळ भिंतीवर एक छोटे कपाट असते. त्यावर हृदयाचे चित्र आणि त्या हृदयात विजेची नागमोडी रेघ. आतल्या पेटीचे नाव लांबलचक आहे : ऑटोमेटेड एक्स्टर्नल डिफिब्रिलेटर. सगळे तिला ‘एईडी’ म्हणतात.

ती कशासाठी, हे आधी समजून घेऊ. ‘हार्ट अटॅक’ आणि ‘कार्डिअ‍ॅक अरेस्ट’ हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबते. रोगी बहुधा शुद्धीवर असतो, छातीत दुखतेय म्हणून सांगतो. अरेस्टमध्ये हृदयाचे काम एकाएकी थांबते. पुष्कळदा हृदयाच्या विजेचा ताल बिघडतो, ते आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहते आणि माणूस काही क्षणांत कोसळतो. एकातून दुसरे उद्भवू शकते, पण हे दुसरे तरण्याताठ्या खेळाडूलाही गाठते. बाहेरून दिलेला विजेचा झटका ती थरथर थांबवतो, आणि मग हृदयाला आपला ताल पुन्हा सापडण्याची संधी मिळते. मधल्या काळात कोणी काहीच केले नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. चक्रवाढ व्याजाचे गणित ज्याला कळते, त्याला यापेक्षा अधिक सांगायला नको.

गंमत अशी की, या उपचाराचा पाया एका विद्यापीठातच घातला गेला. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम कौवेनहोवेन हे विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. कुत्र्यांवर प्रयोग चालू असताना गाय निकरबॉकर या त्यांच्या तरुण विद्यार्थ्याच्या लक्षात आले, की झटक्याची जड तबकडी छातीवर नुसती दाबली तरी रक्तदाब किंचित वाढतो. त्या निरीक्षणातून, जेम्स जूड या शल्यविशारदाच्या साथीने, १९६० साली छाती दाबण्याची पद्धत जगापुढे आली. पुढे १९६५ मध्ये बेलफास्टला फ्रँक पॅन्ट्रिज यांनी झटक्याचे यंत्र मोटारीच्या बॅटऱ्या जोडून रुग्णवाहिकेत बसवले. त्याचे वजन सुमारे ७० किलो होते. आजची पेटी दीड ते तीन किलोंची असते.

या पेटीला हात लावायची भीती वाटणे स्वाभाविक आहे. पण ती बोलते. झाकण उघडले की ‘कपडे बाजूला करा, पट्ट्या चिकटवा’ असे क्रमाने सांगते. हृदयाचा ताल स्वतः तपासते आणि झटक्याची गरज नसेल तर तो देतच नाही. १९९९ मध्ये अमेरिकेत एक तुलना प्रसिद्ध झाली. सहावीतली मुले आणि प्रशिक्षित रुग्णवाहिका-कर्मचारी यांना पुतळ्यावर हे यंत्र वापरायला दिले. कर्मचाऱ्यांना झटक्यापर्यंत पोहोचायला सरासरी ६७ सेकंद लागले, मुलांना ९०. फरक अर्ध्या मिनिटाचाही नाही.

दुसरी माहिती आणखी अनपेक्षित जागेहून आली : लास व्हेगासच्या जुगारखान्यांतून. तिथल्या सुरक्षारक्षकांना ही पेटी वापरायला शिकवले होते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हृदयाची अशी थरथर असलेले १०५ जण होते. त्यांपैकी ५३ टक्के बरे होऊन घरी गेले. कोसळताना कोणी पाहिले आणि ३ मिनिटांच्या आत पहिला झटका मिळाला, त्यांच्यात हे प्रमाण ७४ टक्के होते. त्याहून उशीर झालेल्यांत ४९ टक्के. हे करणारे डॉक्टर नव्हते. दाराशी उभी राहणारी माणसे होती.

आता विद्यापीठाकडे येऊ. लॉस एंजेलिस शहरातल्या दोन विद्यापीठांच्या दोन घटना आहेत. ४ मार्च १९९० रोजी लोयोला मेरीमाउंट विद्यापीठाच्या क्रीडागृहात, भर सामन्यात, हँक गॅदर्स हा २३ वर्षांचा बास्केटबॉलपटू कोसळला आणि त्याच दिवशी गेला. २४ जुलै २०२३ रोजी सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात सराव चालू असताना १८ वर्षांचा ब्रॉनी जेम्स कोसळला. विद्यापीठाच्या वैद्यकीय कर्मचाऱ्यांनी तत्काळ धाव घेतली. रुग्णालयात पोहोचला तेव्हा तो पूर्ण शुद्धीवर होता, असे रुग्णालयाने जाहीर केले. पुढच्याच वर्षी तो व्यावसायिक संघात दाखल झाला. दोन हृदये वेगळी, दोन आजार वेगळे. तेव्हा एका घटनेतून दुसरी वजा करून उत्तर काढणे बरोबर नाही. पण दुसऱ्या घटनेत सगळे नेमके माहीत असलेली माणसे जागेवर होती, हे विसरून चालणार नाही.

पेटी विकत घेणे हा त्यातला सोपा भाग. देणगीदार मिळतो, फीत कापली जाते, छायाचित्र छापून येते. अवघड भाग दुसऱ्या दिवसापासून सुरू होतो. पेटीतल्या चिकटपट्ट्यांवर ओलसर लेप असतो. तो काही वर्षांत वाळतो, म्हणून त्यांवर मुदतीची तारीख छापलेली असते. बॅटरीलाही वय असते. पेटी स्वतःची तपासणी करून बाहेर एक खूण दाखवते, पण ती खूण पाहायला कोणाचे तरी डोळे लागतात. पेटीसोबत कात्री आणि छातीवरचे केस काढायला वस्तरा असतो. अशा किरकोळ वस्तूंनाच आधी पाय फुटतात, हे कोणत्याही हेडक्लार्कला विचारा. एकदा वापरल्यावर पट्ट्या बदलाव्या लागतात आणि यंत्रात साठलेली नोंद डॉक्टरांपर्यंत पोहोचवावी लागते.

कॅलिफोर्नियाच्या कायद्यात हे सारे कलमवार लिहिले आहे. दर ९० दिवसांनी पाहणी, वर्षातून दोनदा आणि प्रत्येक वापरानंतर चाचणी, त्याच्या लेखी नोंदी, पेटी कुठे आहे याची स्थानिक आपत्कालीन सेवेला खबर. इमारतीत पेटीशेजारी लावायच्या सूचनांचा टाइप १४ पॉइंटांहून लहान नसावा, हेसुद्धा. हे वाचून मला आमच्या मुख्य कार्यालयाची परिपत्रके आठवली आणि पहिल्यांदाच त्यांच्याविषयी आदर वाटला. ज्याने ती १४ पॉइंटांची अट घातली, त्याच्या डोळ्यांपुढे घाबरलेला, चष्मा विसरलेला माणूस उभा असला पाहिजे.

एका बाबतीत मात्र बँकेची शिस्त इथे उपयोगाची नाही. मौल्यवान वस्तू कुलपात ठेवायची, किल्ली दोघांच्या ताब्यात द्यायची, हे आमच्या हाडामासी खिळलेले. ही पेटी आपल्याकडे लाखाच्या आसपास पडते, म्हणजे तिच्याकडेही पहिला हात कुलपाचाच जाणार. प्रथमोपचाराची पेटी ऑफिसच्या कपाटात, कपाटाची किल्ली शिपायाकडे आणि शिपाई जेवायला गेलेला, हे चित्र आपल्याला नवे नाही. तिकडच्या अनेक कपाटांना कुलूप नसते. उघडले की घंटा वाजते. चोर पळतो आणि मदतीला माणसेही धावतात. पेटी गेली तर लाखाचे नुकसान. किल्ली सापडली नाही तर कोणाचे तरी लेकरू जाते. हा हिशेब मांडायला बँकेत काम केलेले असावे लागत नाही.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे आवार चारशे एकरांहून मोठे आहे. अशा आवारांचे मोजमाप एकरांऐवजी मिनिटांत केले पाहिजे. मैदानापासून पेटीपर्यंत धावत जायला किती आणि परत यायला किती? संध्याकाळी सहानंतर, सुट्टीच्या दिवशी, ती इमारत उघडी असते का? महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे आणि तिने अनेकांना हात दिला आहे. पण कोणतीही रुग्णवाहिका फाटकापासून वसतिगृहापर्यंतचे अंतर पुसून टाकू शकत नाही. ती येईतो छातीच्या मध्यभागी, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाबत राहणारे दोन हात लागतात. पेटी असो वा नसो, ते हात आधी.

हे काम राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलामुलींकडे सोपवायला काय हरकत आहे? महिन्याच्या पहिल्या सोमवारी आवारातून फेरी, प्रत्येक पेटीची खूण, तारीख, कात्री, वस्तरा पाहायचे आणि वहीत सही करायची. मात्र जबाबदारी एका नावाच्या माणसावर हवी. ‘सर्व संबंधित’ या नावाचा माणूस मला माझ्या साऱ्या नोकरीत भेटला नाही. आणि त्या माणसाची बदली झाली, की चार्ज देण्याघेण्याच्या यादीत ही पेटी पहिल्या पानावर हवी.

येत्या जूनमध्ये अनेक घरांतून मुले वसतिगृहांत राहायला जातील. आपण खोली पाहू, मेसचे जेवण चाखू, पंखा चालतो का ते बघू. त्याच फेरीत रेक्टरांना आणखी तीन प्रश्न विचारावेत. पेटी कुठे आहे? ती कोण पाहतो? शेवटची सही कोणत्या तारखेची? पहिल्याच प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, तरी निराश होऊ नये. चार पालकांनी तोच प्रश्न विचारला, की पाचव्यासाठी कोणीतरी उत्तर शोधायला लागतो.