मागे राहिलेली धावपट्टी

७ ऑगस्ट २०२०च्या रात्री दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे बोइंग ७३७ विमान केरळमधील कोळिकोडच्या धावपट्टीवर उतरले, पण थांबले नाही. धावपट्टी संपली, तिच्यापुढची मोकळी जागा संपली, आणि पठाराच्या कडेवरून खाली कोसळून विमानाचे तुकडे झाले. आत १९० माणसे होती. त्यांतील २१ दगावली. दोन्ही वैमानिक त्यांतच होते. मुख्य वैमानिक कॅप्टन दीपक साठे हे नागपूरशी नाते असलेले, हवाई दलात नाव कमावलेले अधिकारी. त्यामुळे महाराष्ट्रात ही बातमी घरातली झाली.

दुसऱ्याच दिवशी इथे प्रकाशाला माझ्या फोनवर एक मजकूर आला. साठे यांनी तीन घिरट्या घालून इंधन संपवले, शेवटी इंजिन बंद केले, म्हणून आग लागली नाही आणि बाकीचे वाचले, असा त्याचा आशय होता. वाचून गळा दाटला. मी तो पंधरा-वीस जणांना पुढे पाठवला. वर्षभराने, सप्टेंबर २०२१मध्ये, विमान अपघात अन्वेषण ब्युरोचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यातला घटनाक्रम वेगळाच होता. विमान धावपट्टी ओलांडते म्हणजे नेमके काय होते, हे त्यानंतर मी मुळापासून समजून घेऊ लागलो.

या आकाराचे विमान उतरताना साधारण १४० नॉट, म्हणजे ताशी सुमारे २६० किलोमीटर वेगात असते. या वेगाने ते दर सेकंदाला ७२ मीटर पुढे जाते. जमिनीला टेकण्याआधी ते पाच सेकंद जास्त तरंगले, तर साडेतीनशे मीटरहून अधिक धावपट्टी मागे पडते, आणि मागे पडलेली धावपट्टी ब्रेकच्या कामाची नसते. त्यात वाऱ्याचा हिशेब येतो. समोरून १५ नॉटचा वारा असेल तर जमिनीच्या हिशेबाने वेग १२५ उरतो. तोच वारा पाठीमागून असेल तर १५५ होतो. फरक तीसचाच दिसतो, पण थांबवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे दुसऱ्या वेळी ती जवळजवळ दीडपट होते.

थांबवणारी साधने तीन. पंखांवरच्या पट्ट्या उभ्या राहून पंखांची उचल मोडतात, त्यामुळे विमानाचे वजन चाकांवर येते. चाकांचे ब्रेक दाबले जातात. इंजिनाचा झोत उलट दिशेला वळवला जातो. धावपट्टीवर पाणी साचलेले असेल तर टायर डांबराला न टेकता पाण्याच्या थरावरून सरकू शकतो, आणि मग ब्रेक असूनही पकड नसते. आमच्याकडे चरणमाळ घाट उतरणारा जाणता ट्रकवाला उतार लागण्यापूर्वीच गिअर पाडतो, वळणावर आल्यावर नव्हे. विमानाचेही तसेच आहे. ते थांबेल की नाही, हे बरेचसे चाके टेकण्याआधीच ठरलेले असते.

म्हणून नियम असा, की जमिनीपासून सुमारे १,००० फुटांवर वेग, उतरण्याचा दर आणि दिशा ठरल्या मर्यादेत हवी आणि विमान धावपट्टीच्या पहिल्या साधारण ३,००० फुटांत टेकले पाहिजे. तसे होत नसेल तर उतरणे सोडून पुन्हा वर जायचे. याला 'गो अराउंड' म्हणतात.

कोळिकोडला त्या रात्री मुसळधार पाऊस होता. उतरण्याच्या पहिल्या प्रयत्नात मुख्य वैमानिकाच्या बाजूच्या काचेवरचा वायपर बंद पडला आणि त्यांनी विमान परत वर नेले. हा निर्णय अगदी योग्य होता. दुसरा प्रयत्न विरुद्ध दिशेने झाला, आणि आता वारा पाठीमागून होता. ८,८५८ फूट लांबीच्या धावपट्टीवर विमान ४,४३८ फुटांवर टेकले, म्हणजे निम्मी धावपट्टी मागे राहिली होती. सहवैमानिक अखिलेश कुमार यांनी 'गो अराउंड' सांगितले होते. ते मानले गेले नाही. सहवैमानिकाने मग नियंत्रण आपल्या हाती घ्यायला हवे होते, तेही झाले नाही, असे अहवाल नोंदवतो. दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाण याच कॅप्टनकडे होते; कोळिकोडलाच उतरण्याच्या आग्रहामागे ते एक कारण असावे, असेही त्यात म्हटले आहे. दोन वैमानिकांमधले अधिकाराचे अंतर आणि यंत्रणेतील त्रुटी यांवरही अहवाल बोट ठेवतो.

हे पहिल्यांदा घडत नव्हते. २२ मे २०१० रोजी मंगळूरला याच कंपनीचे विमान असेच पठारावरून कोसळले. १६६पैकी ८ जण वाचले. एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीत दिसले, की सहवैमानिकाने तीनदा 'गो अराउंड' सांगितले होते. मुंबईत १ जुलै २०१९ रोजी भर पावसात स्पाइसजेटचे जयपूरहून आलेले विमान धावपट्टीपलीकडे चिखलात रुतले. तिथे कोणाला इजा झाली नाही. मुख्य धावपट्टी मात्र काही दिवस बंद राहिली. मुंबईत धावपट्टीपुढे सपाट जमीन होती, कोळिकोड-मंगळूरला दरी होती.

जगभरच्या उड्डाणांचा अभ्यास करणाऱ्या फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनने २०१७मध्ये मांडले, की मर्यादेबाहेर गेलेल्या शंभर प्रयत्नांपैकी जेमतेम तीन वेळा वैमानिक परत वर जातात. उरलेल्या बहुतेक वेळी विमान सुखरूप उतरतेही. हीच खरी अडचण आहे. प्रत्येक वेळी निभावले की मर्यादा ओलांडणे अंगवळणी पडते, आणि परत जाणे हा कमीपणा वाटू लागतो.

दुरुस्तीचा मजकूर मी त्याच पंधरा-वीस जणांना पाठवला. "गेलेल्या माणसाबद्दल असे लिहू नये," असे दोघांनी कळवले. त्यांचे म्हणणे मला कळते. साठे यांच्या कर्तृत्वाबद्दलचा आदर माझाही कमी झालेला नाही. पण मी आधी पाठवलेल्या त्या गोष्टीत पहिल्या प्रयत्नात विमान परत नेणारा साठे यांचा शहाणा निर्णय नव्हता. अखिलेश कुमार यांचे नाव नव्हते, आणि त्यांनी उच्चारलेले ते दोन शब्दही नव्हते. शेवटच्या क्षणीच्या कौशल्याची गोष्ट आपण आवडीने सांगतो. वेळेत मागे फिरलेल्या वैमानिकाची गोष्ट कोणी सांगत नाही, कारण तो सगळ्यांना घेऊन अर्ध्या तासाने कुठेतरी उतरतो आणि प्रवासी उशीर झाला म्हणून कुरकुरत घरी जातात.