दाभोळच्या लाटेचा पुरावा

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर त्सुनामी कधी आली होती का, या प्रश्नाच्या उत्तरादाखल १५२४ सालच्या दाभोळचे नाव हमखास घेतले जाते. त्या वर्षीच्या सप्टेंबरात वास्को द गामा पोर्तुगालचा व्हाइसरॉय म्हणून हिंदुस्थानात येत असताना, वारा पडलेला असूनही समुद्र एकाएकी हादरू लागला, जहाज खडकावर आदळले असे समजून खलाशांची गाळण उडाली आणि गामाने मात्र, समुद्र आपल्याला भिऊन कापतो आहे, अशा आशयाचे बोलून त्यांना धीर दिला, असे पोर्तुगीज वृत्तांत सांगतात. त्यांपैकी वृत्तांतकार गास्पार कोर्रेया ही घटना दाभोळजवळची म्हणून देतो. दरबारी वृत्तांतात नायकाच्या तोंडी असे वाक्य यावे यात नवल नाही. हादऱ्याचे वर्णन मात्र कल्पित वाटत नाही.

तथापि हे वर्णन नेमके कशाचे, हे पाहिले पाहिजे. समुद्रतळाखालील भूकंपाचे हादरे पाण्यातून वर येऊन जहाजाच्या तळाशी धडकतात व ते खलाशाला लगेच जाणवतात. उलट त्सुनामीच्या लाटेची लांबी खोल समुद्रात शेकडो किलोमीटर असली, तरी तिची उंची इतकी थोडी असते की, तिच्यावरून जाणाऱ्या जहाजाला तिचा पत्ताही लागत नाही, आणि ती उंच होते ती उथळ किनाऱ्याशी आल्यावर. म्हणजे गामाच्या खलाशांनी अनुभवला तो भूकंप होता. किनाऱ्यावर लाट चढल्याचा पुरावा या प्रसंगातून मिळत नाही.

ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न दाभोळच्या उत्तरेस, दापोली तालुक्यातीलच केळशी येथे झाला. भारजा नदीच्या मुखाशी असलेल्या तिथल्या वाळूच्या टेकडीचा अभ्यास पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील अशोक मराठे यांनी केला आणि तिचा संबंध सोळाव्या शतकातील त्सुनामीशी जोडला. कल्पना आकर्षक आहे. परंतु कोकणच्या किनाऱ्यावर वाळू आणून टाकणारे घटक अनेक आहेत. पावसाळी वारा तिचे ढीग रचतो, नदीचे मुख सरकते आणि चक्रीवादळाचे उधाणही वाळू आत लोटते; ३ जून २०२० रोजी श्रीवर्धनच्या परिसरात किनाऱ्याला धडकलेल्या ‘निसर्ग’ वादळाने दापोलीच्या बागांची केलेली दैना अजून ताजी आहे.

म्हणून भूवैज्ञानिक टेकडीपेक्षा तिच्यामागच्या खाजणात, म्हणजे भरतीचे पाणी शिरणाऱ्या चिखलट सखल जमिनीत, पुरावा शोधणे पसंत करतात. तिथे गाळाचा उभा गाभा काढला असता काळ्या चिखलात वाळूचा पातळ थर सापडावा, त्याची खालची कड करवतल्यासारखी स्पष्ट असावी, थर जमिनीकडे पातळ होत जावा, आणि त्यात फोरामिनिफेरा नावाच्या सूक्ष्म सागरी जीवांची कवचे, त्यातही खोल पाण्यातील जातींची, मिळावीत. यांपैकी एकेक लक्षण वादळाच्या थरातही दिसू शकते. ती सर्व एकत्र आणि किनाऱ्यावर दूरदूरच्या ठिकाणी एकाच काळातील थरांत आढळली, तरच त्सुनामीचे पारडे जड होते. कालनिर्णयातही सावधगिरी लागते, कारण समुद्रातील जुना कार्बन शिंपल्यांत उतरत असल्याने, योग्य दुरुस्ती न केल्यास, रेडिओकार्बन पद्धतीने त्यांचे वय शेकडो वर्षांनी जास्त निघू शकते.

निर्विवाद उदाहरण हवे असेल, तर २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे मकरान किनाऱ्याजवळ झालेला, ८ हून अधिक तीव्रतेचा भूकंप घ्यावा. त्याची लाट सकाळी मुंबईला पोहोचली, तिथे माणसे वाहून गेली आणि बंदरातील ज्वारमापकावर, म्हणजे पाण्याच्या पातळीचे सतत टिपण ठेवणाऱ्या यंत्रावर, तिची नोंद झाली. १५२४ साली असे यंत्र नव्हते, हा त्या काळाचा दोष नव्हे. आणि नोंद नाही म्हणून धोकाही नाही असे मानणे किती महागात पडते, हे धाराशिव जिल्ह्याला सांगायला नको. ज्या दख्खनला भूकंपाच्या दृष्टीने स्थिर समजले जात होते, तिथेच ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीबरोबर या जिल्ह्यातील सास्तूरही उद्ध्वस्त झाले.

तेव्हा १५२४ चा समुद्रातील भूकंप इतिहासात राहावा. दाभोळच्या त्सुनामीपुढे मात्र, खाजणांतील थर तिची साक्ष देईपर्यंत, प्रश्नचिन्ह घालणेच योग्य.