पिकाचा फोटो निघाला डॉक्टरकडे!

दोस्तांनो, ताप आला की आई तुम्हाला डॉक्टरांकडे नेते. डॉक्टर जीभ बघतात, छातीला नळी लावतात आणि मगच औषध देतात. पण समजा, कपाशीचं झाड आजारी पडलं तर? ते काही चालत दवाखान्यात जाऊ शकत नाही! आणि पिकांचे डॉक्टर, म्हणजे कृषितज्ज्ञ, असतात दूर शहरात. मग शेतकरीदादा बरेचदा दुकानात जातो आणि दुकानदार देईल ती बाटली घेऊन येतो. औषध चुकलं की पैसेही गेले आणि पीकही गेलं.

हे नुकसान थोडंथोडकं नसतं बरं का! वरंगळ जिल्हा तेव्हा आंध्र प्रदेशात होता, आता तो तेलंगणात आहे. तिथे १९९७-९८ च्या हंगामात कपाशीवर किडी तुटून पडल्या. फवारण्यांमागून फवारण्या झाल्या, तरी पीक हातचं गेलं. कर्जात बुडालेल्या कित्येक शेतकऱ्यांनी जीव दिला.

याच जिल्ह्यात २००४ साली एक आगळा प्रयोग सुरू झाला. नाव ‘ई-सागू’. तेलुगूत सागू म्हणजे शेती. हैदराबादच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेतले प्रा. पी. कृष्ण रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन गावांतली हजारावर कपाशीची शेतं निवडली. गावातल्याच शिकलेल्या, अनुभवी शेतकऱ्यांना मदतनीस नेमलं. मदतनीस आठवड्याला एकदा प्रत्येक शेतात जायचा, पिकाचे फोटो काढायचा आणि पीक कसं आहे ते टिपून ठेवायचा.

आता हे फोटो हैदराबादला पाठवायचे कसे? तेव्हा खेड्यातलं इंटरनेट म्हणजे अगदी गोगलगाय! इतके फोटो त्यावरून जाणार कधी? मग त्यांनी काय केलं असेल? फोटो सीडीवर, म्हणजे माहिती साठवायच्या चकतीवर, भरले आणि सरळ कुरिअरने धाडून दिले! तज्ज्ञ फोटो बघून सल्ला लिहीत. तो मात्र चार ओळींचा, वजनाला हलका. त्यामुळे तो इंटरनेटवरून भुर्रकन गावात यायचा. तिथे तो छापून शेतकऱ्याच्या हातात दिला जाई. साधारण दीड दिवसात काम फत्ते! आहे की नाही युक्ती?

पण खरी गंमत पुढेच आहे. इथे शेतकऱ्याने प्रश्न विचारायची वाटच बघायची नव्हती. का बरं? अहो, कीड लागलीय हेच ठाऊक नसेल, तर तो विचारणार काय?

आणि विचारलं तरी नेमकं सांगता यायला हवं. आपल्याकडे कपाशीची पानं लाल पडली की ‘लाल्या आला’ म्हणतात. पण पानं लाल का पडली? जमिनीत नत्र किंवा मॅग्नेशियम कमी असेल, पाणी साचलं असेल, नाहीतर पानाखाली लपून तुडतुडे रस शोषत असतील. रंग एकच, कारणं वेगळी आणि उपायही वेगळे! ‘पानं लाल झालीत’ एवढ्यावरून तज्ज्ञ तरी काय ओळखणार?

आता मोबाइलवरून फोटो क्षणात जातो. शिवाय २००४ पासून सरकारचं किसान कॉल सेंटरही आहे. १८००-१८०-१५५१ हा नंबर फिरवला की सल्ला मराठीत मिळतो, तोही फुकट! पण फोनवरच्या माणसाला शेत दिसत नाही. त्याचे डोळे आपणच व्हायचं असतं.

मग करा की सराव! घराजवळचं एखादं किडकं पान निवडा. डाग कुठे आहेत, कडेला की मध्ये? पान जुनं आहे की कोवळं? ते उलटून खालची बाजूही पाहा हं! मग पान न दाखवता मित्राला त्याचं वर्णन सांगा आणि त्याला चित्र काढायला लावा. चित्र पानासारखं आलं, तर शाब्बास! घरी शेती असेल, तर पुढचा फोन करताना बाबांच्या शेजारी तुम्हीच बसा.